कढईतलं उरलेलं तेल

गांधीबागेतले कापडाचे व्यापारी महादेवराव यांच्या घरी रश्शावर तेलाचा बोटभर तवंग नसेल, तर ते जेवण कसलं! पाहुण्यांना तर्री वाढायची, आणि तळण झाल्यावर कढईत उरलेलं काळपट तेल बायकांनी भातावर घेऊन संपवायचं, वाया जाऊ नये म्हणून. महादेवरावांच्या आई तुळसाबाई यांनी चाळीस वर्षं तेच खाल्लं आणि दोन्ही सुनांनाही तेच वाढलं. तुमच्या-आमच्या घरी याहून वेगळं काय चालतं?

१९८२ च्या संक्रांतीला थोरली सून, महादेवरावांची बायको शामला हिच्या छातीत गाठ लागली. दुखत नव्हती. तिनं लाजत लाजत सासूला सांगितलं.

"चरबी हाय वं ते," तुळसाबाई म्हणाल्या. "खात्यापित्या घरची सून तू. कोमट तेलानं चोळून देतो, जिरून जाते."

आठ महिने चोळलं. मायेनंच चोळलं, म्हणून तर राग कुणावर काढावा ते कळत नाही. गाठ जिरली नाही, काखेत उतरली. महादेवरावांना पोळ्यापर्यंत पत्ता नव्हता. बायकांच्या अंगाची गोष्ट नवऱ्याला कोण सांगणार!

शेवटी शेजारची नर्स सिंधूताई शामलाला ओढतच दवाखान्यात घेऊन गेली. कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता. पुढच्या होळीच्या आधी शामला गेली. पस्तीस वर्षांची होती.

तेराव्याला वडे तळले. पंगती उठल्यावर धाकटी सून प्रेमिला सवयीनं कढईतलं तेल भातावर घेऊ लागली. तुळसाबाईंनी तिचं ताट हिसकून घेतलं.

"नको खाऊ वं! एक गेली ना माही!" मग त्या सिंधूताईकडे वळल्या. "सिंधू, या तेलानंच मारलं का तिले?"

"तसं पक्कं कोणी सांगू शकत नाही, मावशी," सिंधूताई म्हणाली. "लय तेलातुपानं हा रोग वाढत असंन, असा मोठ्या डॉक्टरायले संशय हाय. तपास चालू हाय. म्हणून कमीच खा, पुरुषायलेबी कमीच वाढा. पण शामलाचे आठ महिने चोळण्यात गेले, हे मात्र पक्कं."

तुळसाबाई पदर सावरत म्हणाल्या, "मंग मले कधी नेतं दवाखान्यात? दिवाळीपासून मलेबी छातीत गाठ हाताले लागते."

"अवं मावशी! काहून नाही सांगतलं?"

"कोन्त्या तोंडानं सांगू वं? चरबी हाय, चरबी हाय म्हणून मीच तर तिले चोळत होतो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी महादेवराव स्वतः आईला रिक्षात बसवून घेऊन गेले. तुळसाबाईंची गाठ अजून लहान आहे म्हणतात. पुढचं कळायचं आहे.

बायांनो, घरच्यांचं उरलंसुरलं तेल रिचवायला तुमचं पोट ही काही मोरी नाही. आणि अंगात गाठ लागली तर ती चोळू नका, लपवू नका, त्याच दिवशी सांगा. भावांनो, तुम्हाला सांगायची घरच्या बाईला लाज वाटत असेल, तर तो दोष तिचा एकटीचा नाही.

तेराव्याच्या त्या दुपारी प्रेमिलानं कढई उचलली आणि तेल मोरीत ओतलं. त्या घरात असं पहिल्यांदाच घडलं. तुळसाबाई पाहत होत्या. त्यांनीच वरून मोरीत तांब्याभर पाणी ओतलं.