ओरेला

डोरीनने वाक्य अर्ध्यावर तोडलं आणि पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. छापलेलं नाव काही बदललं नाही. कादंबरीतल्या अंतराळयानावर भिकार चहा करणारी, कपागणिक प्रवाशांचा पाणउतारा करणारी ती सदा कुरकुरणारी यंत्रबाई ओरेलाच होती.

आणि त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं नावही ओरेलाच.

"थांबलीस का गं?" क्लाइव्हने खुर्चीतून विचारलं.

त्याची नजर गेल्यापासून रविवारचं जेवण झालं, की ती त्याला त्याची लाडकी मालिका वाचून दाखवी. अंतराळातल्या भटक्यांच्या या विनोदी कादंबऱ्या त्याने लग्नाआधीच तिला दिल्या होत्या. पहिलीची थोडी पानं चाळून तिने थाप मारली होती, सगळ्या वाचल्या म्हणून. पुढे त्याच्याकडून ऐकलेले त्यांतले विनोद त्यालाच ऐकवत संसार रेटला. झाकली मूठ सव्वा लाखाची! ती आता तिसऱ्या पुस्तकात उघडी पडली होती.

"घसा बसला रे."

"ओरेला आली ना?"

डोरीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "क्लाइव्ह, मी ही पुस्तकं कधी वाचलीच नाहीत."

"ठाऊक आहे. आपली पोर जन्मली त्या दिवसापासून. हॅलिफॅक्सच्या प्रसूतिगृहात मी गमतीने म्हटलं, ओरेला ठेवू या. वाटलं, उशी फेकून मारशील. तू तर रडायलाच लागलीस. म्हणे, माझं सगळ्यात लाडकं पात्र!"

"मला वाटलं, राजकन्या-बिजकन्या असेल."

तो खोकला येईपर्यंत हसला. तिला हसू फुटेना.

"मग तेव्हाच का नाही बोललास, मेल्या?"

"किती खूश होतीस! आणि शोभलंही नाव. चहा तसाच तर करते पोरगी."

"थट्टा पुरे. तिला कळलं तर? जन्मभर चहाच्या यंत्राचं नाव, का तर आईला फुशारकी मारायची होती."

क्लाइव्हचं हसू ओसरलं. गुडघ्यावरची शाल तो उगाच सारखी करत राहिला.

"तिने शाळेत असतानाच वाचलंय सगळं."

"काय?"

"तणतणत आली होती माझ्याकडे. मग मी खरं काय ते सांगून टाकलं. मग म्हणाली, आईला कळू देऊ नका, तिला फार लाज वाटेल."

ओरेला आज चहाला यायची होती. तिच्यासमोर कुठल्या तोंडाने बसायचं, ते डोरीनला कळेना.