पाच चौकटी उरल्या

वत्सलाबाईंच्या घरात दोन नावं घेतली जात नसत. एक सापाचं आणि दुसरं सुंदररावांचं.

सापाचं नाव घेतलं की तो येतो, ही उमापूरच्या अल्याडपल्याडच्या सगळ्या वस्त्यांवरची पक्की समजूत. म्हणून त्याला लांबडं म्हणायचं, जनावर म्हणायचं, फारच जवळ असेल तर नुसतं 'ते'. नवऱ्याचं नाव घेतलं की नेमकं काय होतं, हे मात्र कुणी कधी तपासून पाहिलं नव्हतं. वत्सलाबाईंनी ते लग्नात घास भरवताना एकदा उखाण्यात घेतलं होतं. त्यानंतर रेशन दुकानापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे आधी 'आमचे हे' आणि नात झाल्यावर 'प्रियदर्शनीचे आजोबा' एवढ्यावर त्यांचं निभावलं. नर्सबाईने फारच खोदून विचारलं, तर शेजारणीला कोपर मारायचं आणि तिच्याकडून वदवून घ्यायचं.

सुंदरराव म्हणजे माजी सरपंच. मिशा भरघोस, आवाज त्याहून भरघोस. ते कशाला भीत नाहीत, असं अख्खं गाव म्हणायचं, कारण वाटेत दोरी आडवी पडलेली दिसली तरी ते आधी सालगड्याला, गहिनीनाथला, हाक मारतात हे गावाला ठाऊक नव्हतं. त्यांचा दुसरा अभिमान म्हणजे शब्दकोडं. रोज सकाळी ओसरीवर खुर्ची टाकून ते पेपरातलं कोडं सोडवत, तेही पेनाने. पेन्सिलीने सोडवतो तो काठावर पास होणारा, असं त्यांचं मत. आजवर त्यांनी एक चौकट रिकामी सोडली नव्हती की एक अक्षर खोडलं नव्हतं.

खरी गोष्ट अशी, की ओसरीवरून आवाज यायचा, "अगं, ऐकतीस का? चार अक्षरी, पाण्यातलं फूल!" आणि आतून भाकरी थापता थापता वत्सलाबाई म्हणायच्या, "कमळ तर तीनच झालं. कुमुदिनी बघा." मग ओसरीवरून, "तेच म्हणत होतो मी!" असं बरीच वर्षं चाललं होतं. कोडं सुटायचं, नाव सुंदररावांचं व्हायचं, आणि वत्सलाबाईंना त्याचं काही वाटत नसे. नावाशी त्यांचा संबंधच कमी.

गेल्या ग्रामपंचायतीला सुंदररावांचं पॅनल पडलं. मागच्या गल्लीतला आसाराम विरोधकांच्या बाजूने पायाला भिंगरी लावून फिरला होता. निकालाच्या दिवशी सुंदररावांनी नारायणगडाच्या देवस्थानाच्या दिशेने तोंड केलं आणि चारचौघांत शपथ घेतली, "त्या घरात माझ्या दारचं पाणी जाणार न्हाई, अन् त्या घरचं काही माझ्या घशाखाली उतरणार न्हाई!"

दिवाळी झाली. आसाराम आणि त्याची बायको ऊसतोडीला गेली. मागच्या साली फडावर त्यांचा धाकटा, सत्यम, तापाने लई हैराण झाला होता, म्हणून यंदा त्याला आजीजवळ, विमलबाईंजवळ, ठेवलं. एके दिवशी वत्सलाबाई पाणी भरायला गेल्या तर विमलबाई पोराला काळ्या चहात भाकरी कुस्करून भरवत होत्या. पोर खातही होतं बिचारं. खाताना वत्सलाबाईंकडे बघून हसलं, आणि तिथेच सगळं बिघडलं.

दुसऱ्या दिवसापासून धार काढून गहिनीनाथने बादली आत आणून ठेवली, की डेअरीवर जाण्याआधी त्यातला एक तांब्या पदराखालून मागच्या दाराने निघू लागला. विमलबाई मानी. रिकामं भांडं परत द्यायचं नसतं, म्हणून तांब्या येताना त्यात दारच्या बोरीची बोरं घालून द्यायच्या. वत्सलाबाई ती वाटीत काढून ओसरीवर ठेवत. सुंदररावांना बोरं जीव की प्राण. "या बोरीला देवाचा हात लागलाय," ते बी थुंकून म्हणत, "कुठली गं?"

"येतात अशीच," वत्सलाबाई म्हणत आणि चुलीकडे वळत.

इकडे राधीचं दूध घटलं. राधी म्हणजे गावात नाव असलेली म्हैस. डेअरीवर विठ्ठलरावांच्या म्हशीचं दूध तिच्यापेक्षा जास्त भरू लागलं, तेव्हा सुंदररावांनी गहिनीनाथला फैलावर घेतलं. विठ्ठलराव तसे त्यांचे जिवलग, रोज संध्याकाळच्या चहाचे धनी. पण म्हैस ती म्हैस.

गहिनीनाथने डोकं खाजवलं आणि हळूच सांगितलं, "मालक, कडब्याच्या गंजीत मी एक पिवळं जनावर बगितलंय. लई लांब. ते म्हशीच्या मागच्या पायाला वेटोळं घालतं अन् सडाला तोंड लावतं. माझा आज्जाबी सांगायचा."

सुंदररावांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. "उद्या उजाडलं की काठी घे अन् निकाल लाव."

दारामागे वत्सलाबाईंनी हातातली परात खाली ठेवली. ती धामण त्यांनी पाहिली होती. एकदा वैरण काढताना दोघींची समोरासमोर गाठ पडली. दोघी दचकल्या, दोघी आपापल्या वाटेने गेल्या. तेव्हापासून ज्वारीच्या पोत्यांना उंदरांनी भोकं पाडली नव्हती, हेही त्यांनी मनोमन नोंदवलं होतं. आणि आता चोरी आपली, काठी तिला. बोलावं तर गडाची शपथ मोडल्याचा डंका गावभर होणार, पोराचं दूध तुटणार. न बोलावं तर मुका जीव जाणार. वत्सलाबाईंना त्या दिवशी भाकरी गोल येईना.

संध्याकाळी ओसरीवर विठ्ठलराव चहाला आले होते. गहिनीनाथ उद्याच्या काठीला तेल लावत बसला होता. सुंदररावांची नात प्रियदर्शनी, वर्ग सहावा, कागद नाचवत आली. शाळेत मंजुषाबाईंनी सरपटणाऱ्या प्राण्यांचा आठवडा काढला होता. प्रत्येकाने स्वतः शब्दकोडं तयार करायचं आणि घरातल्या मोठ्या माणसाकडून सोडवून आणायचं. अट एवढीच, की मोठ्या माणसाने उत्तर आधी मोठ्याने म्हणायचं.

"आण इकडं," सुंदररावांनी पेनाचं टोपण काढलं.

"घर पाठीवर, तोंडात दात एकबी न्हाई. तीन अक्षरी."

"कासव!"

"पळून पळून कुंपणापर्यंत."

"सरडा!" हा सुंदररावांनी निवडणुकीच्या भाषणात आसारामसाठी वापरला होता.

"हिच्या डोळ्यातलं पाणी पुढारी लोक उसनं नेतात. तीन अक्षरी."

विठ्ठलराव चहात हसले. "मगर," सुंदरराव गुरगुरले. "असलं कोडं कुणी शिकवलं गं तुला?"

"बाई म्हणल्या, उदाहरणं घरातली घ्या. पुढचं. एकदा चिकटली की सुटत न्हाई. चार अक्षरी."

"खुर्ची," विठ्ठलराव म्हणाले.

"खुर्ची दोनच अक्षरी हाय, विठ्ठलआबा."

"घोरपड!" सुंदररावांनी लिहून टाकलं. मिशीला पीळ बसला. गडी रंगात आला होता.

"आता हे. विष न्हाई, फणा न्हाई. उंदरांचा काळ. जिथं धान्य तिथं मुक्काम. तीन अक्षरी."

पेन थांबलं. सुंदररावांनी खुर्चीखाली एकदा पाहून घेतलं. "ते," ते म्हणाले.

"ते म्हंजे एकच अक्षर झालं."

"लांबडं! घे, झाले तीन!"

"पहिलं अक्षर 'धा' हाय."

"कावून?"

"मी काढलंय म्हून."

"ते राहू दे. पुढचं सांग." सुंदररावांनी आयुष्यात पहिल्यांदा चौकट रिकामी सोडली, आणि गहिनीनाथने काठीवरून मान वर करून पाहिलं.

"पुढं कोडं न्हाई, माहिती हाय," प्रियदर्शनी म्हणाली. "हिला चोखता येत न्हाई. दूध हिचं खाणंच न्हाई. म्हशीच्या पायाला वेटोळं घालून दूध पेती हे लोकांचं उगंच काहीतरी. बाईंनी सांगितलंय."

"मंग आपल्या राधीचं दूध कोण पेतं?" गहिनीनाथने विचारलं.

"तेच तर शेवटचं कोडं! माझ्या पाच चौकटी उरल्या होत्या, त्यात तेच घातलंय. गोठ्यातलं दूध कोण पेतं? पाच अक्षरी. उत्तर मलाबी म्हाईत न्हाई."

उत्तर ठाऊक नसताना कोडं घालायला वेगळीच छाती लागते. पोरीत ती आजोबांची उतरली होती.

दारात वत्सलाबाई दुसऱ्या चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मनातल्या मनात अक्षरं मोजली. व, त्स, ला, बा, ई.

सुंदररावही मोजत होते. "पाच अक्षरी... दुधाला हात लावणारा..." एकाएकी त्यांचे डोळे चमकले. "ग, हि, नी, ना, थ!" त्यांनी धडाधड अक्षरं भरली आणि पेन आपटलं. "बसलं! चौकटीत बसलं म्हंजे खरं!"

गहिनीनाथचा चेहरा पांढराफटक पडला. कितीतरी वर्षं राधीची आई, राधीची आजी, सगळ्यांची धार त्यानेच काढली होती. त्याने काठी भिंतीला टेकवली. "मालक, थेंब न्हाई चाखला कधी. पर तुमी पेनानं लिव्हलंय. उद्यापासून मी येत न्हाई."

तो पायरी उतरू लागला. विठ्ठलराव बशीत बघत बसले. प्रियदर्शनीचा ओठ थरथरायला लागला, कारण कोडं तिचं होतं.

वत्सलाबाईंनी कप खाली ठेवले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ओसरीच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. लाज वाटत होती, भीतीही वाटत होती. सरळ बोलायची सवय नव्हती, पण हे बोलायची एक रीत त्यांना येत होती. त्यांनी भिंतीकडे बघत एका दमात म्हणून टाकलं,

"धामणीला लागतो उंदीर, दुधाची न्हाई हाव,
सत्यमच्या वाटीसाठी मीच साधला डाव,
लेकराला न्हाई पार्टी, न्हाई गटाचं नाव,
पाच चौकटीत मला लिव्हा अन् काठी ठेवा, सुंदरराव!"

गहिनीनाथ एक पाय पायरीवर ठेवून तसाच उभा राहिला. घरात जी दोन नावं घेतली जात नव्हती, ती दोन्ही एकाच उखाण्यात येऊन गेली होती, आणि छप्पर जागच्या जागी होतं.

"सत्यम?" सुंदररावांचा आवाज चिरकला. "आसारामचं पोरगं? माझी गडाची शपथ मोडलीस तू?"

"अर्धी मोडली," वत्सलाबाई म्हणाल्या. "राहिलेली अर्धी तुमी मोडली."

"मी?"

"बोरं."

विठ्ठलरावांना ठसका लागला. डोळे पुसत ते म्हणाले, "तरीच! आरं, ती आसारामच्या दारची बोर! लहानपणी आपणच न्हाई का चोरायचो, सुंदर? अन् तू महिनाभर वाट्याच्या वाट्या..."

सुंदररावांनी शेजारच्या वाटीत पाहिलं. तळाशी चार बोरं उरली होती. त्यांची मिशी आधी एका बाजूने हलली, मग दुसऱ्या. राग आणावा म्हणून त्यांनी बरीच खटपट केली, पण महिनाभर शत्रूची बोरं खाऊन देवाला शाबासकी देणाऱ्या माणसाला राग तरी कुठून यायचा? शेवटी ते खो खो हसले, इतके की विठ्ठलरावांच्या बशीतला चहा सांडला.

हसू ओसरल्यावर त्यांनी पेन उचललं आणि गहिनीनाथच्या नावावर आडवी रेघ मारली. आयुष्यातली पहिली खाडाखोड. रेघेच्या वर बारीक अक्षरात लिहिलं, वत्सलाबाई.

"गहिन्या, माघारी ये. चुकलं माझं," ते म्हणाले. मालकाच्या तोंडून असलं काही ऐकायची गहिनीनाथला सवय नव्हती. तो घाईघाईने आत आला आणि काठी उचलून कडब्यापासून लांब, न्हाणीमागे ठेवून आला.

"आबा, हे तीन अक्षरी राहिलं," प्रियदर्शनीने बोट ठेवलं. "म्हणल्याशिवाय लिहायचं न्हाई."

सुंदररावांनी पाय खुर्चीवर घेतले. वत्सलाबाईंकडे पाहिलं. वत्सलाबाईंनी मानेने 'हूं' केलं.

"धामण," सुंदरराव म्हणाले. इतक्या हळू, की पोरीने दुसऱ्यांदा म्हणायला लावलं.

दुसऱ्या दिवशी पेपर आला. सुंदररावांनी कोडं उघडलं आणि चष्म्यावरून आत पाहिलं. मागचं दार नुकतंच वाजलं होतं.

"अगं, तांब्या गेला का?"

"गेला की कवाच."

"परत आला का?"

"आला."

"मंग माझी बोरं कुठंयत?"

वत्सलाबाईंनी वाटी आणून ठेवली. सुंदररावांनी एक बोर उचललं, पण तोंडात घातलं नाही. पेपरात डोकं खुपसून ते म्हणाले, "अगं, ऐकतीस का? चार अक्षरी. काल तू घेतलंस ते. मला नीट ऐकू आलं न्हाई, परत एकदा म्हण की."

"चार न्हाईत, पाच होतात," वत्सलाबाई म्हणाल्या. "सुं, द, र, रा, व."

"तेच म्हणत होतो मी," सुंदरराव म्हणाले.