जनूला कोणी विचारलंच नाही

१९५३ च्या हिवाळ्यात अंबरनाथच्या एका कारखान्याच्या चाळीतून चार वर्षांची मुलगी सकाळी दिसेनाशी झाली. पोरं पळवणारी टोळी फिरतेय, अशी आवई आठवडाभरापासून उठली होतीच. चाळीतल्या पुरुषांनी पहारा बसवला होता आणि त्यांचे पुढारी होते कारखान्यातले टाइमकीपर चिंतामणी.

बदलापूरकडच्या गावचा जनू त्या दिवशी वालाच्या शेंगा विकायला आला होता. त्याच्या टोपलीत पोर सहज मावेल, असं कोणीतरी म्हणालं. माणसं जवळ येताना पाहून जनू घाबरला आणि जिन्याकडे पळाला. चिंतामणींची बायको कुंदा गॅलरीत धुणं वाळत घालत होती. जनू जिन्याच्या दाराशी पोचला तसं चिंतामणींनी आतून दार लोटून कडी घातली, हे तिने वरून पाहिलं. पुढची जमावाची मारहाणही पाहिली.

मुलगी दुपारी शहाडला मावशीकडे सापडली. मावशीच तिला घेऊन गेली होती, निरोप तेवढा पोचला नव्हता. तोवर जनू मेला होता.

पोलिसांच्या कागदावर ‘अनोळखी जमाव’ असं आलं. चिंतामणींनी जेवताना कुंदाला शांतपणे सांगितलं की आपण दोघांनी काही पाहिलेलं नाही. तिने वरून सगळं पाहिलंय, हे चाळीला ठाऊक होतं; ती नळावर गेली की बायका हंडे उचलून निघून जात. एका शेजाऱ्याने तर, गॅलरीचा कठडा सैल झालाय, वहिनींनी जपून उभं राहावं, असं हसत सुचवलं. कुंदाने कठडा हलवून पाहिला. तो पक्का होता.

दहाव्यानंतर जनूची आई मोतीबाई आली. ती एकेक दार वाजवत होती आणि दारं उघडत नव्हती. कुंदाने उघडलं.

“पोराला कोनी काय इचारलाच नाय,” मोतीबाई म्हणाली. “इचारला असता त त्यानं सांगला असता. आता कोरटात तरी कोनी सांगा, तो चोर नव्हता.”

कुंदा तिच्याबरोबर कल्याणला गेली. मॅजिस्ट्रेटसमोर तिने मारणाऱ्यांची चार नावं सांगितली. दार कोणी लावलं, असं त्यांनी विचारलं.

“माझ्या यजमानांनी.”

कारकुनाचा टाक थांबला. तिने पुन्हा तेच सांगितलं.

त्यानंतर ती बदलापूरला भावाकडे, श्रीपादकडे राहिली. एकदा चाळीतले दोघे तिथे आले. त्यांनी ओटीवर बसून चहा घेतला, तब्येत विचारली आणि ताई कोर्टात कोणत्या वाटेने जातात, तेही विचारलं. ते गेल्यावर श्रीपादने तिला पुण्याला निघून जा म्हणून विनवलं. ती गेली नाही. तारखेला त्याच वाटेने निघाली.

ठाण्याच्या कोर्टात दोघांना शिक्षा झाली, दोघे सुटले. दार लावल्याबद्दल चिंतामणींवर खटला झालाच नाही. मात्र जनूचा काहीही अपराध नव्हता, असं न्यायाधीशांनी निकालात लिहिलं होतं. मोतीबाईने ते वाक्य वकिलाकडून दोनदा वाचून घेतलं आणि मग ती खाली बसली.

बाहेर पायऱ्यांवर सुटलेले दोघे उभे होते, त्यांच्याशेजारी चिंतामणी. कोणी वाट सोडली नाही. कुंदाने मोतीबाईचा दंड धरला आणि दोघी त्यांना घासून खाली उतरल्या. मागून त्या तिघांची पावलं येत राहिली.