चौथं पाणी

"उत्तर दिलं होतंत ना, बाबा?" मुलीने विचारलं, आणि मी चटकन "हो" म्हणून मोकळा झालो.

ती स्टुलावर उभी होती, धुळीसाठी डोक्याला फडकं गुंडाळून. मी जिथे जन्मभर संशोधन केलं त्या संस्थेत माझ्या नावाचं दालन उघडायचं ठरलं आहे. तिथल्या कपाटात मांडायला माझी जुनी पुस्तकं हवी होती, म्हणून हा सगळा उपद्व्याप चालला होता. तिने शब्दकोशाचा तिसरा खंड उचलला आणि त्यातून एक पत्र खाली पडलं. सव्वीस वर्षांपूर्वीचं. ते तिथे आहे हे मला पक्कं माहीत होतं. या सव्वीस वर्षांत तिसऱ्या खंडातला एखादा शब्द अडला की मी अंदाजाने भागवत आलो, पण तो खंड उघडला नाही.

"उत्तर दिलंत, तर मग हे काय?" तिने पत्राला टाचलेलं रिकामं पाकीट वर धरलं. पत्र पाठवणारीने उत्तरासाठी सोबत जोडलेलं. त्यावर तिने ठळक, उभ्या अक्षरांत स्वतःचाच पत्ता लिहिला होता. तिकीटसुद्धा लावलं होतं.

"दुसऱ्या पाकिटातून दिलं असेल."

"असेल?"

मुलगी शाळेत गणित शिकवते. तिच्यापुढे 'असेल' चालत नाही.

"नाही दिलं," मी म्हणालो.

ती खाली उतरली, खिडकीपाशी गेली आणि पत्र वाचायला लागली. मी चष्मा पुसत बसलो. तो स्वच्छच होता.

हे पत्र लिहिणाऱ्या बाईला आम्ही काचबाई म्हणत असू. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि संस्थेत नुकताच लागलो होतो. पडवीच्या टोकाला एक अंधारी मोरी होती. तिथे ती दिवसभर आमच्या काचेच्या नळ्या, बाटल्या, बशा धुवायची. धुतलेली प्रत्येक नळी खिडकीच्या उजेडाकडे धरायची आणि एक डोळा मिटून दुर्बिणीतून पाहावं तशी आरपार पाहायची. मगच ती टोपलीत जाई. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी असेल. आमचे प्रमुख असलेल्या थोरल्या डॉक्टरांपुढे अवाक्षर न बोलणारी ही बाई माझी मात्र फिरकी घ्यायची.

"धाकटे डॉक्टर, तो चष्मा पण टाका माझ्या टोपलीत. नळ्यांपेक्षा मळलाय."

मी लाजून पळ काढायचो. तेव्हाही मला बायकांशी बोलता येत नसे. आताही फारसं येत नाही.

त्या काळी रक्त शरीराबाहेर आलं की काही मिनिटांत गोठायचं. कोणाला रक्त द्यायचं तर देणारा आणि घेणारा शेजारशेजारच्या खाटांवर झोपवावे लागत. देणारा वेळेवर सापडला नाही, तर घेणारा जायचा. रक्त किती वेळात गोठतं, ते कशाने लांबतं, हे मी नळ्यांमध्ये मोजत होतो. दोन महिने मोजत होतो आणि हाती काही लागत नव्हतं. माणसाला हाती काही लागलं नाही की तो दुसऱ्यांच्या चुका काढतो. मी नळ्यांवरच्या डागांची चूक काढली. आमच्या इमारतीतलं पाणी जड होतं. नळ्या वाळल्या की तळाशी पांढरट कडं उरायचं.

"हे डाग जायला हवेत," मी एकदा मोरीच्या दारातून, आत न पाहता म्हणालो.

"पाण्याचेच आहेत हो ते. पाण्याने धुतले तर कसे जातील?"

"ते मला माहीत नाही."

"बरं. बघते काहीतरी."

त्यानंतर आठवडाभरातली गोष्ट. एका सकाळी बारा नळ्यांतलं रक्त गोठलंच नाही. अर्धा तास झाला, तास झाला, तरी नळी कलती केली की रक्त पाण्यासारखं वाहत होतं. त्या दिवशी मला फक्त राग आला. वॉर्डातून मिनतवाऱ्या करून आणलेलं रक्त वाया गेलं होतं. मी तणतणत थोरल्या डॉक्टरांकडे गेलो आणि नळ्या खराब आहेत म्हणून सांगितलं. त्यांनी काचबाईला बोलावलं. ती हात पुसत आली.

"बाई, या नळ्या धुतल्या होत्या का?"

"धुतल्या की. चार पाण्यांतून काढल्यात."

"नियम तीन पाण्यांचा आहे. तीनचीच मारामार असते, तिथे तुम्ही चार म्हणता?" थोरले डॉक्टर हसले आणि माझ्याकडे वळले. "तुम्हाला काय वाटतं?"

त्या क्षणी मी विचारायला हवं होतं, चौथं पाणी कोणतं? शास्त्रज्ञ म्हणवणाऱ्या माणसाच्या तोंडून दुसरा प्रश्न निघायलाच नको होता. पण थोरल्या डॉक्टरांनी माझं मत विचारण्याची ती पहिलीच वेळ होती आणि त्यांना काय ऐकायचं आहे हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

"नीट धुतलेल्या दिसत नाहीत," मी फरशीकडे बघत म्हणालो.

"धाकटे डॉक्टर," ती म्हणाली, "तुम्ही तरी उजेडात धरून बघा की एक."

मी बघितली नाही. संध्याकाळी तिला काढून टाकलं. दाखल्यावर 'कामात हयगय' असा शेरा पडला.

चार दिवसांनी मी वहीत नोंद करायला बसलो. 'बारा नळ्या. रक्त गोठले नाही. कारण : अपुरी धुलाई.' एवढं लिहिलं आणि टाक थांबला. मळक्या काचेत रक्त लवकर गोठतं, उशिरा नाही. हे मला चार दिवसांपूर्वीही ठाऊक होतं. मी उठून मोरीत गेलो. तिच्या जागेवर अजून कोणी आलं नव्हतं. खालच्या फळीवर एका घमेल्यात पिळून टाकलेल्या लिंबांच्या साली पाण्यात भिजत होत्या आणि बाजूला धुण्याच्या सोड्याचा डबा होता. आमच्या उपाहारगृहातून ती लिंबांची फोलं मागून आणत असे, हे मला तिथल्या आचाऱ्याने सांगितलं. "धाकट्या डॉक्टरांना डाग चालत नाहीत म्हणायची. लिंबाने कडं जातं, सोड्याने लिंबाचा आंबटपणा मरतो. वर पुन्हा नळाचं पाणी घातलं तर डाग परत येतात, म्हणून हेच शेवटचं पाणी, असं तिचं गणित."

लिंबू आणि सोडा एकत्र आले की त्यातून एक साधा क्षार तयार होतो. नळी वाळली की त्याचा अंश काचेला चिकटून राहतो. रक्त त्याच्यामुळे गोठत नव्हतं. पुढची दोन वर्षं मी त्याचं नेमकं प्रमाण शोधलं. ते काम माझं होतं, एवढं मी अजूनही म्हणू शकतो. आज दवाखान्यात खाटेशेजारी रक्ताची बाटली टांगलेली असते, ती त्या प्रमाणावर टिकते.

तिचं घर शोधणं मुळीच अवघड नव्हतं. पहारेकऱ्याला गल्ली माहीत होती. आधी प्रयोग पुरा होऊ दे, मग जाऊ, असं मी ठरवलं. मग निबंध छापून येऊ दे. मग थोरले डॉक्टर निवृत्त होऊ देत. निबंधात मी लिहिलं, 'योगायोगाने काही नळ्यांत क्षाराचा अंश राहिला असता...' मराठीत 'राहिला' म्हटलं की ठेवणारा हात सांगावा लागत नाही.

बावीस वर्षांनी मला मोठा पुरस्कार मिळाला. सभागृह भरलं होतं. मला भाषणाची धास्ती असते. माणसं हसली की मला जरा धीर येतो. म्हणून मी म्हणालो, "माझ्या शोधाचं श्रेय एका कामचुकार बाईला द्यायला हवं. तिने नळ्या अर्धवट धुतल्या नसत्या, तर मी आज इथे नसतो." लोक पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी ते वाक्य चौकटीत छापून आलं. पंधरा दिवसांनी हे पत्र आलं.

मुलीने ते मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मी "नको" म्हणालो, पण ती थांबली नाही.

"'धाकटे डॉक्टर यांना नमस्कार. तुमचं भाषण पेपरात आलं ते मुलाने वाचून दाखवलं. मोठं काम केलंत. माझ्या सुनेला बाळंतपणात बाटलीतलं रक्त दिलं, ती वाचली, नातू पण वाचला. तेव्हा माहीत नव्हतं की ते तुमचं आहे. एकच विचारायचं आहे. कामचुकार बाई म्हणालात ती मीच ना? मी तीन साध्या पाण्यांतून काढून चौथं लिंबाच्या सालींचं आणि सोड्याचं दिलं होतं, कारण डागांचं तुम्हीच बोलला होतात. मला दुसरं काही नको. नळ्या स्वच्छ होत्या की नव्हत्या, एवढंच कळवा. शेऱ्यामुळे कुठल्या दवाखान्यात काम मिळालं नाही, त्याचंही आता काही नाही. पण घरात सगळ्यांना वाटतं मी कामात चुकले होते, आणि आता मलाही कधी कधी तसं वाटतं. पाकीट सोबत ठेवलंय, तुम्हाला तसदी नको.'"

मुलीने पत्राची घडी घातली.

"ही गोष्ट मी दर वर्षी सातवीच्या वर्गात सांगते, बाबा," ती म्हणाली. "अर्धवट धुतलेल्या नळ्यांची. पोरं खूप हसतात."

"मला माहीत आहे."

"तुम्ही मला लहानपणी सांगितलीत ना, म्हणून."

ती स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नुसताच नळ वाहत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लिहायला बसलो. दुपारपर्यंत अकरा पानं झाली. त्यांत माझा भिडस्त स्वभाव होता, थोरल्या डॉक्टरांचा दरारा होता, त्या काळची परिस्थिती होती. मुलगी शाळेतून आली तशी मी ती पानं तिच्यापुढे ठेवली. तिने दोन वाचली.

"बाबा, तिने प्रश्न एकच विचारलाय. त्याचं उत्तर कितव्या पानावर आहे?"

मी शोधलं. नवव्या पानावर होतं, तेही एका पोटवाक्यात.

मी अकराच्या अकरा पानं फाडली. मग संस्थेच्या आताच्या संचालकांना निरोप पाठवून बोलावून घेतलं. दालनात माझ्या जुन्या नळ्यांशेजारी एक पाटी लागणार होती आणि तिचा मजकूर त्यांनी संमतीसाठी माझ्याकडे धाडला होता. 'निष्काळजीपणे धुतलेल्या नळ्यांतून लागलेला शोध' असं त्यात होतं. ते वाक्य मी खोडून नवं लिहिलं होतं. संचालक भला माणूस आहे, माझ्या निम्म्या वयाचा.

"सर, हे खरं असेल, पण आता कशाला? पाटी रंगवून झालीये. आणि लोकांना ती गोष्ट आवडते."

"मग दालन नको," मी म्हणालो. थोरल्या डॉक्टरांच्या खोलीत जे वाक्य हवं होतं त्याच्या मानाने हे अगदीच सोपं होतं. संचालकांनी खोडलेला कागद खिशात घातला आणि "बघतो" म्हणाले. "बघू नका, करा," असं मुलगी दारातून म्हणाली, तेव्हा ते "करतो" म्हणाले.

मग मी उत्तर लिहिलं. वर तिचं पूर्ण नाव घातलं. ते मी त्या पाकिटावरच पहिल्यांदा वाचलं होतं.

'नळ्या स्वच्छ होत्या. तुम्ही कामात चुकला नव्हता. चौथं पाणी तुम्ही माझ्या सांगण्यावरून दिलंत आणि औषध त्यातूनच निघालं. हे मला चार दिवसांतच कळलं होतं. मी कोणाला सांगितलं नाही, आणि भाषणात खोटं बोललो. तुमच्या घरातल्या ज्याच्या हाती हे पत्र पडेल त्याने ते सगळ्यांना वाचून दाखवावं. दालनातल्या पाटीवर हेच लिहायला सांगितलं आहे. उत्तराला उशीर झाला. — धाकटे डॉक्टर.'

"असेल का हो ती?" मुलीने विचारलं.

ती असली तर आता अठ्ठ्याहत्तरची असेल.

पोस्टात मी एकटाच गेलो. खिडकीतल्या कारकुनाने पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"आजोबा, हे कोणत्या जमान्यातलं तिकीट? या तिकिटावर आता जायचं नाही."

"मग वर दुसरं लावा."

"पाकीटच बदला ना. पिवळं पडलंय, डिंकही वाळलाय. हे घ्या, नवीन घ्या."

"नाही, हेच जायला हवं. तिने पाठवलंय."

त्याला काय समजलं देव जाणे, पण त्याने मुकाट्याने डिंकाची बाटली पुढे सरकवली. नवं तिकीट मी तिच्या तिकिटाशेजारी लावलं. जरा वाकडं बसलं.

"मागे तुमचा पत्ता टाका. माणूस नाही सापडला तर परत येईल."

मी मागच्या बाजूला घरचा पत्ता लिहिला.

बाहेर पेटीपाशी ऊन होतं. पाकीट नीट चिकटलंय ना, म्हणून मी ते वर धरलं आणि नकळत एक डोळा मिटून उजेडातून आरपार पाहिलं. आतली घडी दिसत होती, तिच्यावर माझ्या अक्षरांच्या चार-सहा ओळी, उलट्या. मागून एक बाई म्हणाली, "टाकताय ना, आजोबा?"

"हो, हो," मी म्हणालो, आणि टाकलं.