नवरीबरोबर आलेलं पोतं

मी गादी बोलतेय. पाहुण्यांसाठी अंथरतात ती कापसाची नव्हे, कोंबड्यांच्या खुराड्यातली. भाताचा तूस, तुतीचा पाला आणि कोंबड्यांची विष्ठा, एवढंच माझं अंग. नाक मुरडू नका. नीट सांभाळलं तर माझ्यातून घाण नाही, ऊब येते.

माझा जन्म डोंगराकडच्या गावातला. तिथल्या सावसन नावाच्या मुलीचं लग्न खाली खोऱ्यातल्या हिसोरला ठरलं, तेव्हा तिच्या आईने मला पोत्यात भरून दिलं. दह्याला विरजण लागतं, तशी नव्या गादीला जुनी थोडी लागतेच. मी तिच्या रजयांबरोबर गाडीतून उतरले आणि शेजारीण मस्तूरा हसत सुटली.

"अगं हनिफा, तुझी सून माहेरून कचरा घेऊन आलीय!"

"लोकांच्या सुना सोनं आणतात," सासू म्हणाली, "माझ्या नशिबी उकिरडा."

सावसनने पोतं उचललं आणि मला खुराड्यातल्या नव्या तुसात मिसळलं. पुढे तिचा नवरा कामासाठी रशियाला गेला आणि पाऊस लागला. हिसोरच्या हिवाळ्यात बर्फ कमी, चिखल फार. रोज सकाळी ती मला दाताळ्याने उलथायची, ओला कोपरा काढून कोरडा तूस टाकायची, वरचा झरोका उघडा ठेवायची. मग मनगटापर्यंत हात माझ्यात खुपसून बसायची. आम्ही दोघी एकाच अंगणातल्या. तिला काय आठवतंय, ते मला सांगावं लागत नसे.

नवरोज, वसंतातला नव्या वर्षाचा सण, जवळ आला. त्याआधी घरातलं जुनं सगळं झटकून बाहेर काढायची इथली रीत. सावसन चाळण आणायला शेजारी गेली होती. तेवढ्यात हनिफाने मला फावड्याने ओढून जर्दाळूच्या झाडाखाली टाकलं आणि खुराडं पाण्याने धुऊन काढलं.

पाऊस थांबेना, खुराड्याची जमीन वाळेना. दुसऱ्या दिवशी कोंबड्या पिसं फुगवून एकमेकींना चिकटल्या होत्या. सावसनची लाडकी तांबडी तर शिंकत होती.

"आई, मरेल हो ती. तिच्या पायाखालची ऊबच गेली."

"मग काय उकिरड्यात सण करू?" असं म्हणत हनिफाने दाणे टाकायला खुराड्याचं दार उघडलं. कोंबड्या भर पावसात धावल्या आणि माझ्यावर येऊन बसल्या. तांबडी सगळ्यांत शेवटी आली. माझ्या पोटातून अजून वाफ निघत होती.

हनिफाने हळूच हात घातला. "अगं बाई! ही तर तंदूरसारखी गरम!" मग सुनेवरच खेकसली, "बघत काय राहिलीस? पोतं आण. वरचं भिजलेलं राहू दे, आतलं कोरडं भर."

"काय गं, उकिरडा परत घरात?" मस्तूरा कुंपणावरून ओरडली.

"उकिरडा नव्हे," हनिफा म्हणाली. "सुनेचं माहेर आहे ते."

कोरडी मी आत गेले. तांबडी आता दाणे टिपते. भिजलेली मी इथेच राहिले, झाडाची मुळं मला हळूहळू पिऊन टाकताहेत. त्याची तक्रार नाही. एकच मागणं आहे. सावसन, माहेरी जाशील तेव्हा मला खुराड्यातून मूठभर सोबत ने. तुझी आई माझ्यात हात घालेल आणि तू इथे कशी आहेस, ते तिला न विचारता कळेल.