टेबलालाही ठणका

अस्मिताच्या अंगठ्यांना सगळं कळतं, अशी कोथरूडच्या एका मालीश केंद्रात ख्याती होती. पाठीवर अंगठा दाबून ती क्षणभर थांबायची आणि सांगायची, "इथे ठणकतंय तुम्हाला." समोरचा "अगदी बरोबर" म्हणायचा आणि हलका होऊन घरी जायचा. तरीही तिला अजून दुसऱ्याच्या हाताखालीच काम करावं लागे. स्वतंत्रपणे पेशंट घ्यायची परवानगी मालीश शिकवणाऱ्या सुनीती मॅडम द्यायच्या, तीही सदाशिव पेठेतल्या आपल्या क्लासात, स्वतःच्या डोळ्यांनी काम बघून. आज अस्मिताची पाळी होती, आणि आज नाही म्हटलं तर पुढे कधी, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

टेबलावर परीक्षेचे पेशंट म्हणून गोपाळकृष्णकाका पालथे पडले होते. गणिताचे निवृत्त मास्तर. उत्तर चुकलं की समोरच्याला ते कळवल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे.

अस्मिताने तेल लावलं, उजव्या खांद्याच्या हाडाखाली अंगठा रोवला. ठणका लगेच लागला. तिला हायसं वाटलं. "काका, इथे ठणकतंय."

"मला नाही," काका उशीतूनच म्हणाले. "तुम्हाला ठणकत असेल तर बघा."

ती गोंधळली. जरा खाली दाबलं, तिथेही ठणका. डावीकडे गेली, तिथेही. कमरेत, मानेत, जिथे दाबावं तिथे तो हजर. एवढं सगळं अंग ठणकणारा माणूस इतका निवांत कसा? तिने आणखी जोर लावला, तसा ठणकाही वाढला. काकांनी मात्र जांभई दिली.

सुनीती मॅडम उठून आल्या. तिचा अंगठा धरून त्यांनी टेबलाच्या लाकडी कडेवर दाबला आणि विचारलं, "याला ठणकतंय का गं?"

ठणकत होतं. लाकडाला.

अस्मिताने अंगठा ओढून घेतला. अंगठ्याला स्वतःची नाडी असते, म्हणून तर नाडी अंगठ्याने बघत नाहीत, हे पहिल्याच धड्यात शिकवलेलं. आणि तिचे अंगठे दिवाळीपासून सुजलेले होते. काम सुटेल या भीतीने तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं, खरं तर स्वतःलाही नाही. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, म्हणतात ते हेच. लाजेने तिचे कान तापले. पण लाजेपेक्षा गोंधळ मोठा होता. ती सगळी माणसं "अगदी बरोबर" का म्हणाली? आपलंच दुखणं आपण त्यांना वाटत होतो, तर त्यांना बरं कशाने वाटलं? तिने मॅडमना तसं विचारलं.

"तू इतक्या खात्रीने सांगतेस, नाही कोण म्हणणार?" मॅडम म्हणाल्या. "आणि बरं कशाने वाटतं, ते मलाही अजून नीट कळलेलं नाही."

"तोवर माझी पाठ वाळत घातलीय का?" काकांनी विचारलं.

अस्मिता पुन्हा वळली. अंगठे मुठीत मिटले, कोपराखालचा हात पाठीवर आडवा ठेवला आणि दाबण्याऐवजी नुसता अंगाचा भार सोडला. आता काहीच ठणकेना. तिला आंधळ्यासारखं झालं. सांगण्यासारखं काही हाती नव्हतं, म्हणून ती तशीच थांबली. मग हाताखाली काकांचा श्वास खाली-वर होताना जाणवला. डाव्या बरगडीशी येऊन तो जरासा अडत होता. की आपलाच अडतोय? तिला ठरवता येईना.

"काका, इथे काय वाटतंय?"

काकांनी उशीतून मान जराशी उचलली आणि पुन्हा टेकवली. ते हळूच म्हणाले, "राहू दे हात. तिथेच राहू दे."

तिने हात ठेवला. बरोबर आलं की चुकलं, ते तिला मुळीच कळलं नाही.

मॅडम आपल्या खुर्चीकडे परतत म्हणाल्या, "सोमवारपासून पेशंट घे. अंगठे मात्र इथे ठेवून जा."