कनातीपलीकडचा चिवडा

चांगुणाचं आणि माझं वैर नव्हतं. तसं कुणी म्हणेल तर जीभ झडो त्याची. चाळीत तिची आणि माझी भिंत एकच. मीठमिरची इकडून तिकडं चालायची. माझी लेक सारा तापानं फणफणली तेव्हा दोन दिवस हीच चांगुणा उशाशी बसून होती. पण मला तिचा हेवा वाटायचा. म्हणजे कसा, तर तिनं अंबाड्यात अबोली माळली तरी माझ्या पोटात कळ उठायची. उगाच लपवून काय करू?

हे सगळं त्या तंबूपासून सुरू झालं.

लढाईचे दिवस होते. बेलापूरच्या बाजूला आमचा साखर कारखाना, आणि गाळप सुरू झालं की चाळीपुढच्या माळावर सिनेमाचा तंबू येऊन पडायचा. महिना-दीड महिना मुक्काम. आत मधोमध कनात, एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बाया. मशीन एकच, त्यामुळं एक रीळ संपलं की दिवे लावायचे आणि दुसरं चढवायचे. तेवढ्यात कानिफनाथ चिवड्याची टोपली घेऊन आत शिरायचा. चाळिशीचा मिशाळ बाप्या, आवाज असा की कारखान्याचा भोंगा झक मारेल. पुरुषांकडं विक्री करायचा, आणि एखाद्यानं बायकोला पुडा पाठव म्हटलं की कनात उचलून आमच्याकडं यायचा आणि सगळ्यांच्या देखत पुकारायचा.

"छगनराव काटेवाल्यांच्या मंडळींना चिवडाऽऽ!"

छगनराव म्हणजे चांगुणाचा नवरा. वजनकाट्यावर कारकून. पगार आमच्या ह्यांच्यापेक्षा कमी, अंगानं काटकुळा, आणि दर शनिवारी बायकोला पुडा ठरलेला. एखाद्या वेळी वर लेमनची बाटलीसुद्धा! चांगुणा पदर सावरत उठायची, "इश्श, कशाला बाई!" असं तोंडानं म्हणायची आणि हात मात्र आधीच पुढं. मग चार जणींना चिमूट चिमूट वाटायची. मलाही द्यायची. ती चिमूट घशाखाली उतरायची नाही माझ्या.

आता आमचे हे. नाव घ्यायचीच वेळ आली आहे म्हणून घेते, आमोस. कारखान्यात फिटर. माणूस सरळ. दारू नाही, विडी नाही, रविवारची उपासना कधी चुकवायचे नाहीत. पण हातातून पैसा सुटेल तर शपथ! मी एकदा धीर करून विषय काढला तर केवढ्यांदा भडकले.

"दोन आने तिकीट. ते देतो, तक्रार न्हाई. पर बाजारात दोन पैशाला मिळतो तो चिवडा आत गेल्यावर दोन आन्याला? तिकिटाएवढा चिवडा? लुटतो व्हय मला?"

"लढाईमुळं तेल महागलंय म्हनं," मी म्हटलं.

"तेल तंबूच्या भाईर बी महागलंय की!"

ह्यांचं बोलणं बरोबर होतं, तेच तर दुखणं. दारू पिऊन पैसे उडवणारा असता तर चार शिव्या तरी घातल्या असत्या. हे मात्र तंबूत शिरायच्या आधी घरच्या भाजलेल्या शेंगांचं गाठोडं माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "घे, पुरंल तुला." पडद्यावर कुणी राणी रडत असायची आणि मी अंधारात शेंगा फोडत बसायची, कटाक् कटाक्. मागच्या बायका शुक् शुक् करायच्या.

एका शनिवारी मुकादमाची छबूबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "दया, तुझ्या फिटराला पगार देतात का न्हाई गं? का नुसत्या शेंगाच देतात?"

सगळ्या फिदीफिदी हसल्या. चांगुणा हसली नाही. तिनं माझ्यापुढं पुडा धरला, आणि छबूबाईच्या बोलण्यापेक्षा तेच मला जास्त झोंबलं.

त्या क्षणी मी ठरवलं. काय वाटेल ते होवो, एकदा तरी माझ्या माणसाचं नाव या कनातीच्या अलीकडं पुकारलं गेलं पाहिजे. चिवडा गेला चुलीत. चिवड्याची भुकेली होते का मी? मला ते नाव ऐकायचं होतं. चाळीतल्या झाडून सगळ्या बायांनी ऐकायला हवं होतं.

माझ्या दोन कोंबड्या होत्या. अंडी मी साहेबाच्या बंगल्यावरच्या खानसाम्याला विकायची. त्या पैशातली एक चवली पदराच्या गाठीला बांधली. पुढच्या शनिवारी बायकांच्या दाराशी कानिफनाथ टोपली भरत होता. इकडं तिकडं बघून मी ती दोन आण्यांची चवली त्याच्या हातावर ठेवली.

"पुडा मला आनून द्यायचा. आमोस फिटरनं धाडलाय म्हून पुकारायचं. खनखनीत."

त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, चवली खिशात टाकली आणि म्हणाला, "समजलं, बाई." माझे कान तापले होते.

पहिलं रीळ कधी संपलं मला कळलंच नाही. दिवे लागले. कनात हलली.

"आमोस फिटरच्या मंडळींना चिवडाऽऽ!"

काय सांगू! अंगावर काटा आला. सगळ्या माना वळल्या. छबूबाईचं तोंड उघडं ते उघडंच. मी सावकाश उठले, पदर सावरला आणि देवाशपथ सांगते, मीही "इश्श, कशाला बाई!" म्हणाले. पुडा हातात घेतला. गरम होता. चांगुणाकडं मुद्दाम वळून बघितलं. वाटलं, आता दे की चिमूट, बघू.

आणि कनातीपलीकडून आवाज आला.

"ए कानिफनाथ! म्या काय बी मागवलं न्हाई! दोन आने माझ्याकडं मागू नगंस, सांगून ठेवतो!"

आमचे हे! साऱ्या तंबूला ऐकू जाईल असं! पुरुषांकडं एकच हशा उसळला. आमच्याकडं आधी हसल्या, आणि मग एकदम गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या तेच मला जास्त लागलं. छबूबाई डोळे बारीक करून म्हणाली, "आं? मग कुनी धाडलं गं, दया?"

खरं सांगावं तर स्वतःच्या पैशानं नवऱ्याचं नाव पुकारून घेणारी बया म्हणून जन्मभर हसं. न सांगावं तर परपुरुषाचा पुडा घेणारी. कानिफनाथ माझ्याकडं बघत होता आणि त्याचं तोंड उघडायला लागलं होतं.

तेवढ्यात चांगुणा उठली.

"अहो कानिफनाथ, पुडा मी मागवला दयासाठी. फिटरांचं नाव कशाला घेतलंत? भलतंच काय तरी!"

कानिफनाथ हुशार. "व्हय व्हय, चुकलं बाई माजं," म्हणून कनात उचलून पसार झाला. बायका सैल झाल्या. छबूबाईनं सुपारी तोंडात टाकली. दिवे गेले. अंधारात चांगुणानं माझा हात दाबला आणि कानाशी म्हणाली, "मघाशी दाराशी बघितलं हुतं मी तुला. कुनाला सांगायची न्हाई."

तिनं मला वाचवलं होतं. तिचे पाय धरायला हवे होते. आणि मला तो हात कडकडून चावावासा वाटला! नवरा तिचा चांगला, पुडा तिचा दर शनिवारचा, आणि आता मनही तिचंच मोठं. माझ्यासाठी ठेवलं काय होतं हिनं?

घरी येताना ह्यांचं तोंड थांबेना.

"लई मोठ्या मनाची बाई हाय ती. स्वतःच्या पैशानं तुला खाऊ घातलं. दोन आन्याचा पुडा! मानसाचं मन असं पायजे, दया. शीक तिच्याकडून काय तरी."

ओठावर आलं होतं, अहो, ती चवली माझी! माझ्या कोंबड्यांची! पण बोलते कशी? दात आवळून चालत राहिले. सोमवारी तेच, बुधवारी तेच. जेवताना चांगुणा, हात धुताना चांगुणा. भाकरी करपली तर म्हणे, चांगुणाबाईची कधी करपलेली बघितली न्हाई. मी तवाच आपटला चुलीवर.

शुक्रवारी मात्र हे जेवता जेवता जरा थांबले. म्हणाले, "उद्या तंबूचा शेवटचा शनवार. म्या इचार केलाय. सारखा पैसा पैसा करून बी मानसाची शोभा जाती. उद्या बघ, माझं बी नाव पुकारलं जाईल."

मला खरंच वाटेना. "चिवडा?" मी विचारलं.

"चिवडा, आन् लेमन बी."

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही माझा. सकाळी डोक्यावरून न्हाले, नाताळात घेतलेलं हिरवं लुगडं काढलं. पाणी भरताना छबूबाईला मुद्दाम सांगितलं, आज लवकर या, पुढं बसू. चांगुणाशीसुद्धा गोड बोलले. म्हटलं, झालं गेलं गेलं, आता माझेही दिवस आले. त्या दिवशी शेंगांचं गाठोडं ह्यांनी दिलं नाही आणि मी मागितलंही नाही.

रीळ संपलं. दिवे लागले. कानिफनाथ आला, एका हातात पुडा, दुसऱ्या हातात लेमनची बाटली.

"आमोस फिटरकडूनऽऽ!"

मी उठलेच. हात पुढं केला.

"छगनराव काटेवाल्यांच्या मंडळींनाऽऽ!"

तो माझ्या हाताला वळसा घालून चांगुणापाशी गेला. कनातीपलीकडून ह्यांचा आवाज आला, खूश, मोकळा, "घ्या वहिनी, घ्या! आमी कुनाचं फुकट खात न्हाई! छगनरावांना इचारूनच धाडलंय!" पलीकडं छगनराव हसत होता. पुरुष वाहवा करत होते. अलीकडं बायका एकदा तिच्याकडं बघत होत्या, एकदा माझ्या हिरव्या लुगड्याकडं.

मी उभीच. बसायचं सुद्धा सुचेना.

चांगुणाचं तोंड उतरलं होतं. तिनं मला खाली ओढून बसवलं, पुडा सोडला आणि माझ्यापुढं धरला. "घे गं," ती हळूच म्हणाली, "तुझ्याच घरचा हाय."

मी घेतला. चिवडा खमंग होता, आणि मला तो अख्खा हवा होता.